चिंचेनं घासलेली लेन्स

जे. पी. नगर, बंगळूर
रविवार, ११ ऑगस्ट १९९६

माझी हिंगाची डबी गेली. तिच्यात आता बारीक स्क्रू भरलेत. तांदळाच्या डब्यात हात घातला तर तळातून कॅमेरा निघाला. का, तर म्हणे तांदूळ ओल शोषून घेतो. हे वेड तुमच्या घरचं. आमच्यात कुणाला नव्हतं. म्हणून तक्रारही तुमच्याकडेच.

गं. भा. अहल्याबाई विहीणबाईंस विठाबाईचा नमस्कार. बऱ्या असाल.

फोन का केला नाही म्हणाल. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडायला लागले की शेजारची शिवलीला भिंतीला कान लावते. मग संध्याकाळी येऊन विचारणार, "अज्जी, काय झालं?" त्यापेक्षा पत्र बरं. मी दुसरीत शाळा सोडली, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

तर तुमचा नातू सुशांत. चांगला वागला की आमचा, असा वागला की तुमचा. आठवडाभर कारखान्यात जातो आणि रविवारी भंगाराच्या बाजारात जाऊन मेलेले कॅमेरे घेऊन येतो. कुणाला झाकण नाही, कुणाचं बटण दबत नाही, कुणाच्या काचेवर बुरशी. मागे व्हाइटफील्डच्या एका म्हाताऱ्या मॅडमकडून एक आणला, त्यात मुंग्या नांदत होत्या. भाव करायला मला बरोबर नेतो. मी "स्वल्प कडिमे माडी", थोडं कमी करा, म्हटलं की तो बाजारवाला खाली उतरतोच. घरी आल्यावर पोरगं ते खोलतं, पुसतं, तेल देतं, आणि एक दिवस ते धूड खट्कन वाजतं. तेव्हाचं त्याचं तोंड बघण्यासारखं असतं. पण हे मी तुमच्या लेकीला सांगत नाही. नीलिमा आधीच त्याच्या लग्नामागे लागलीय, आणि माझा दयानंद बायकोच्या हो ला हो करतो.

काचा पुसायला माझी जुनी लुगडी फाडतो. म्हणतो, आजी, इतकं मऊ कापड दुकानात मिळत नाही. इतकी वर्षं दगडावर आपटल्यावर दुसरं काय होणार!

आता मुद्दा. व्याह्यांच्या स्टुडिओतला तो मोठा लाकडी कॅमेरा, तीन पायांचा. ते गेले त्याच्या आधीपासूनच त्याच्यावर चादर आहे असं नीलिमा सांगते. पोराला तो हवाय. मागायची त्याला लाज वाटते. मला वाटत नाही. देणार असाल तर द्या, नसाल तर तसं सरळ लिहा. गोल गोल लिहिलेलं मला वाचता येत नाही.

विठाबाई


निपाणी
२३ ऑगस्ट १९९६

गं. भा. विठाबाई विहीणबाईंस सा. न. वि. वि.

तुमच्या हिंगाच्या डबीबद्दल दिलगीर आहे. नवी पाठवते.

सरळच लिहिते. स्टुडिओची खोली मला संक्रांतीनंतर रिकामी करून द्यायची आहे. मालकाला ती हवी आहे. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं कॅमेरा मागितला आहे. आत दिवा लावून दारात ठेवणार म्हणतो. मी हो म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात तुमचं पत्र आलं.

सुशांतला द्यायला माझी हरकत नाही. पण नुसता पुसून कपाटावर ठेवायचा असेल तर हॉटेल काय वाईट? संक्रांतीपर्यंत त्यातून स्वच्छ फोटो निघाला पाहिजे. निघाला तर कॅमेरा त्याचा. नाही निघाला तर हॉटेलवाल्याचा.

आणि त्यातून निघालेला पहिला स्वच्छ फोटो माझा हवा. यांनी या गावातल्या नवऱ्यामुली, बारशाची पोरं, पहिलवान, तिरडीवरची माणसंसुद्धा काढली. माझा फोटो नाही. "घरचीच आहेस, कधीही काढू," म्हणायचे. मतदानाच्या कार्डावर एक आहे, त्यात मी चोरासारखी दिसते.

माझा भाचा बसवंत तंबाखूचा टेम्पो घेऊन तिकडे येणार आहे. त्याच्याबरोबर पाठवते. लेन्स वेगळी, धोतरात गुंडाळून ठेवली आहे. सुशांतला सांगावं, तीच जपायची. लाकूड पुन्हा मिळेल.

आपली,
अहल्या


जे. पी. नगर, बंगळूर
२१ सप्टेंबर १९९६

तुमच्या बसवंतनं कॅमेरा आणला की झुरळांचं बिऱ्हाड? दार उघडल्याबरोबर माझ्या स्वयंपाकघरात शिरली, अजून निघत नाहीत. अख्ख्या घराला तंबाखूचा वास मारतोय. शिवलीला विचारून गेली, "अज्जी, तुम्ही विडी ओढता?"

अहल्याबाईंस नमस्कार. हिंगाची डबी पोचली. चांगली आहे, झाकण घट्ट बसतं.

कॅमेऱ्याच्या मधल्या त्या कापडी भात्याची झुरळांनी खाऊन चाळण केली होती. सुशांत म्हणाला, जाड काळं कापड पाहिजे, उजेड आत शिरता कामा नये. आमच्या ह्यांची छत्री माळ्यावर होती. ते गेले तशी ती मिटलेलीच. मी तिचं कापड उसवून दिलं, आणि घड्या घालून शिवलंही मीच. पोराच्या हातचे टाके बघवत नव्हते. माणसाची छत्री माळ्यावर कुजण्यापेक्षा कामाला लागली हे बरं.

मग मला काळ्या फडक्यात डोकं घालायला लावलं. मागच्या काचेत बघते तर आमची गच्ची उलटी! शिवलीला खाली डोकं, वर पाय करून मिरच्या वाळत घालतेय. मी हसले ती ठसका लागेपर्यंत. रोज सरळ बघून ती बाई मला इतकी आवडली नव्हती.

फोटोही काढून बघितला. त्या मापाची फिल्म आता मिळत नाही म्हणून फोटोचा कागदच आत घालतो. पण फोटो धुरकट येतोय. तुळस आहे की कुणी बाई उभी आहे कळत नाही. सुशांत म्हणतो, जुन्या लेन्सचं असंच असतं, मऊ येतं. मला तर ती त्यानं स्वतःची काढलेली समजूत वाटते. लेन्स उघडून बघ म्हटलं, तर म्हणतो काचा धरून ठेवणारी कडी गच्च बसलीय, आटे तुटले तर कुठून आणू.

आणि विहीणबाई, या वयात फोटोची हौस? पावडर लावणार की काय?

विठाबाई


निपाणी
४ ऑक्टोबर १९९६

विठाबाईंस सा. न.

पावडर लावणार नाही. हसून झालं असेल तर पुढचं वाचा.

फोटो धुरकट येतो म्हणालात. शेवटी शेवटी यांच्याकडूनही तसेच यायचे. एका पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढली, तेव्हा यांनी पांढऱ्या फडक्यावर सगळी लेन्स सुटी करून पुसली. त्याच सुमारास यांची नजर मंद झाली असावी. फोटो कुणाचाच नीट येईना. मिरजेला जाऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. यांचा विश्वास बसला नाही. त्याच दिवसांत एकदा मला खुर्चीवर बसवून फोटो काढला. धुतल्यावर मी म्हणजे नुसता एक डाग. उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि फाडून टाकला. त्यानंतर कॅमेऱ्यावर चादर घातली ती घातलीच.

गावात पोरं म्हणायची, फोटोवाला आंधळा झाला. ते यांनी ऐकलं होतं. मीही त्यांना म्हणाले होते, राहू द्या आता, वय झालं.

म्हणून मला तो फोटो हवा आहे. हौस म्हणाल तर हौस. पण पोराला त्रास देऊ नका. नाही जमलं तर दिवा लागेल, एवढंच.

अहल्या


जे. पी. नगर, बंगळूर
२४ ऑक्टोबर १९९६

तुमच्याकडे पितळ घासायची पद्धत नाही का? इतकी वर्षं ती नळी तशीच काळी ठेवलीत, आणि ती तशीच ठेवायची असते हे कुणी एका शब्दानं मला सांगितलं नाही.

अहल्याबाई, नमस्कार. काय झालं ते सांगते. सुशांत लिहिणार होता. मी म्हटलं, माझ्या हातून झालं, मीच लिहीन.

खंडेनवमीला इथे आयुधपूजा जोरात. रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हार. आमच्याकडे पूजेला बसायचं म्हणजे हत्यार लखलखीत हवं. सुशांत कारखान्यातल्या पूजेला गेला होता. मी त्याचे कॅमेरे ओळीनं मांडले, पुसले. तुमच्या लेन्सची नळी हातात घेतली तर जळक्या समईसारखी काळीकुट्ट. एका कडेला जरासं पिवळं दिसलं. म्हटलं, पितळ आहे की हे! चिंच भिजवली, राख घेतली, काथ्यानं घासली. देवाशपथ सांगते, अशी उजळली की तोंड बघावं. मग हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि वाट बघत बसले, पोरगं खूश होईल म्हणून.

पोरगं आलं, हळदकुंकवासकट नळी उचलून त्यानं उजेडात धरली. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. "आजी, ते रोगण होतं," एवढंच म्हणालं. काळं रोगण गेलं, त्याच्यावरचे पांढरे आकडे गेले, आणि चिंचेचं पाणी आत शिरून काचांवर आतून धुकं धरलं. आता आतून पुसल्याशिवाय काही दिसायचं नाही, आणि पुसायला ती गच्च कडी उघडायला हवी.

दोन दिवस तो माझ्याशी गरजेपुरतं बोलला. मी म्हटलं, "माझ्या हातचं जेवायचं नसेल तर सांग." तर म्हणतो, "तसं नाही गं, मला भीती वाटतेय."

चुकलं. शिव्या घालायच्या असतील तर पत्रातच घाला. इथे माझी पत्रं दुसरं कुणी उघडत नाही.

विठाबाई


निपाणी
२ नोव्हेंबर १९९६

विठाबाईंस,

तो मळ नव्हता. पिवळं दिसलं म्हणालात, तिथे यांचा अंगठा पडायचा. रोज तिथेच धरून लेन्स फिरवायचे, म्हणून तेवढंच रोगण झिजलं होतं. आता सगळीच नळी चकाकते. त्यातली ती जागा कुठली, हे मला कोण सांगणार?

हॉटेलवाला येऊन गेला. दिवाळी झाली की कॅमेरा बसवंतबरोबर परत पाठवावा. दिव्याला काच चांगली लागत नाही.

अहल्या


जे. पी. नगर, बंगळूर
२४ नोव्हेंबर १९९६

कॅमेरा परत पाठवणार नाही. बसवंत आला होता, त्याला जेवायला घालून रिकाम्या हातानं लावून दिला. काय रागवायचं ते शेवटपर्यंत वाचून रागवा.

ती कडी उघडली. सुशांत हत्यारं घेऊन रोज बसायचा आणि हात न लावता उठायचा. मी त्याला म्हटलं, लोणच्याची बरणी अशी उघडत नाहीत. तव्यावर फडकं शेकवलं, कडीभोवती गुंडाळलं, ती तापू दिली, मग खाली ओलं फडकं धरून दोघांनी दोन्हीकडून पिळली. त्यानं डोळे मिटले होते. करकरली आणि सुटली. आटे शाबूत.

आत काचा निघाल्या. माझ्याच लुगड्याच्या तुकड्यावर मांडल्या, एकेक पुसली. एक काच पुसताना सुशांत एकदम थांबला. तिच्या कडेला पेन्सिलीनं बारीक बाण काढलेला. लेन्स बनवणाऱ्यानं काढलेला, कुठलं तोंड पुढे बसवायचं ते कळावं म्हणून. आणि तो बाण मागे तोंड करून होता. काच उलटी बसवलेली होती, विहीणबाई. सुशांतला म्हटलं, तुमचं दसऱ्याच्या आधीचं पत्र काढ. बुरशी, पांढरं फडकं, सुटी करून पुसली. त्याला वाचून दाखवलं. तेव्हाच परत बसवताना ती उलटी बसली होती.

मग त्यानं काच सरळ बसवली, कॅमेरा गच्चीवर नेला, आणि समोर शिवलीला होतीच, ती कुठे जाते! फोटो सोबत पाठवलाय. नीट बघा. तिच्या नथीचा खडा दिसतो. मिरचीचा देठ दिसतो. ती माझ्याकडे कशी बघते तेसुद्धा दिसतं. म्हणजे तुमचा पहिला फोटो हुकला, तो तिच्या नशिबी गेला. तो मोजू नका. ती तपासणी होती.

व्याह्यांचे डोळे चांगले होते. मिरजेचा डॉक्टर खरं बोलत होता. एक काच उलटी होती, एवढंच.

तुमच्या अंगठ्याबद्दल. ती जागा मी घालवली, परत आणता येणार नाही. पण मी शोधत होते. कॅमेऱ्याच्या मागच्या लाकडी चौकटीला, उजव्या हाताला, जिथे धरून ती मागची काच सरकवायची, तिथे लाकूड अंगठ्याएवढं खोलगट झालंय. माझा अंगठा ठेवून बघितला, बसत नाही. माझा लहान आहे. सुशांत सगळ्या लाकडाला तेल लावत होता, तेवढ्या जागेला मी लावू दिलं नाही.

संक्रांतीला इकडे या. बसनं या, टेम्पोनं नको. अजून तंबाखूचा वास गेला नाही.

विठाबाई


निपाणी
६ डिसेंबर १९९६

प्रिय विठाबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि स्टुडिओ उघडून तिथे जाऊन बसले. चादर अजून तिथेच घडी करून ठेवलेली होती. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. खोलीत कुणी नव्हतं, पण वाचावंसं वाटलं.

शिवलीलाबाईंची नथ दिसली. मिरचीचे देठही दिसले. इतका लख्ख फोटो त्या कॅमेऱ्यातून निघालेला मी किती वर्षांत पाहिला नव्हता. जेवण झाल्यावर पुन्हा काढून बघते, परक्या बाईचा असून.

ते जाताना आपण निकामी झालो असं समजून गेले. आता त्यांना सांगता येणार नाही. पण मला कळलं, हेही थोडं नाही. आता मी त्यांची आठवण काढते तेव्हा फाडलेला कागद डोळ्यांसमोर येत नाही. तुमच्या चिंचेचे उपकार कसे फेडू? मागच्या पत्रात मी टाकून बोलले. तुम्ही नळी घासली नसती तर पोरानं ती कडी कधी उघडली नसती, आणि दिवा लावून तो कॅमेरा हॉटेलच्या दारात उभा राहिला असता. भाता तुमच्या घरच्या छत्रीचा, कापड तुमच्या लुगड्याचं, हात तुमच्या नातवाचे. मी काय दिलं? नुसती अट घातली.

हॉटेलवाला परवा पुन्हा आला होता. त्याला सांगितलं, कॅमेरा कामावर आहे.

येते. काय नेसू ते सांगा. तुम्हाला हसायचं असेल तर हसा.

तुमची,
अहल्या


जे. पी. नगर, बंगळूर
३० जानेवारी १९९७

चष्मा इथेच विसरून गेलात. आता हे पत्र कसं वाचणार? बसवंतकडून वाचून घेऊ नका. त्याला सगळं कळायचं कारण नाही. चष्मा सोबत पाठवलाय, आधी तो लावा.

अहल्याबाईंस नमस्कार. वाटेत त्रास झाला नाही असं नीलिमा म्हणाली.

आभाराचं तुम्ही फार लावून धरलंत. जाताना बस सुटेपर्यंत खिडकीतून तेच. माझंही ऐका. तुम्ही त्या चिंचेवरून भांडला असता तर मी काही बोलू शकले नसते. तुम्ही बस धरून आलात आणि आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघरात चिंच निवडायला बसलात, तेव्हा मला बरं वाटलं. तेवढंच लिहिते, जास्त येत नाही. आणि पोरगं आता मला कॅमेऱ्यांना हात लावू देतं. परवा म्हणाला, "आजी, ही कडी जरा पिळ." नुसती पिळायची, घासायची नाही, हेही वर सांगितलं. आपला नातू शहाणा होतोय.

सोबत फोटो आहे. पुठ्ठ्यात घातलाय, दुमडू नका. सुशांतनं तो धुऊन उजेडात धरला तेव्हा मी त्याच्या मागे उभी होते. सगळं आलंय. कपाळावरच्या आठ्या, गळ्यातला काळा दोरा, पदराचं रफू. तुम्ही त्याला दम देत होता, "अरे फडकं नीट घे, उजेड शिरतोय," ते मी ऐकलं. मी म्हटलं, जरा हसा. तुम्ही म्हणालात, "हसले तर हलेन." त्यानं लेन्सचं झाकण काढलं, आणि परत कधी लावायचं ते त्याला कळायच्या आत तुम्हीच म्हणालात, "बस." बरोबर तेव्हाच. इतकी वर्षं अंधाऱ्या खोलीत त्यांच्या शेजारी उभी राहिलेली बाई, तिला कोण शिकवणार!

फोटोत तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत नाही. सुशांतकडेही नाही. त्याच्या जरा मागे, उजव्या हाताला बघताय, चौकटीची ती खोलगट जागा आहे त्या बाजूला. तिथे कोण उभं होतं ते तुमचं तुम्हाला माहीत. मला कुणी दिसलं नाही, पण माझं काय, मी त्या काचेत गच्ची उलटी बघणारी.

आता सांगते तसं करा. फोटो पेटीत लुगड्यांखाली घालायचा नाही. स्टुडिओ रिकामा करायला अजून अवकाश आहे. रस्त्याकडच्या ज्या काचेत व्याही गावाचे फोटो लावायचे, ती पुसून घ्या आणि मधोमध हा लावा, एकटाच. बाजाराच्या दिवशी लोक थांबतील. आंधळा म्हणणारी तीच पोरं आता बाप झाली असतील, तीही थांबतील. विचारतील, एवढा चांगला फोटो कुणाच्या कॅमेऱ्यानं काढला?

बसवंतला पुढे करायचं नाही. नीलिमाला लिहून विचारायचं नाही. तुम्ही दारात उभं राहायचं, आणि उत्तर तुम्हीच द्यायचं, मोठ्यानं.

विठाबाई